रुखवतातला टॅबलेट

"खोका मोठा दिसला पायजे. आत काय हाय ते कोन बगतंय?"

आत्याने हे आईच्या कानात सांगितलं. पण आत्याचं कानात बोलणं दोन वॉशिंग मशीन ओलांडून पलीकडे ऐकू येतं, आणि मी पलीकडेच उभी होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या मागच्या बाजूला, न खपणाऱ्या वस्तू ठेवतात त्या टेबलापाशी. माझ्यासमोर एक काळं नेटबुक उघडं पडलं होतं. त्याच्या बटणांच्या फटीत धूळ साचली होती आणि खालच्या कडेला कोणीतरी च्युइंगम चिकटवून ठेवलं होतं. मी रुमालाने ते काढायचा प्रयत्न केला. ते ताणलं गेलं, पण निघालं नाही.

आता नेटबुक हा शब्दसुद्धा कोणी वापरत नाही. वहीएवढा लहान लॅपटॉप, मोठ्या पर्समध्ये मावणारा. दोनतीन वर्षं सगळ्यांना तो हवा होता, मग टॅबलेट आले आणि एका हंगामात तो म्हातारा झाला. त्या दिवशी दुकानाच्या दारावर नव्या टॅबलेटचा फलक लावला होता, दुकानाच्या नावापेक्षा मोठा.

बस्त्याचा दिवस होता. लग्नाचे कपडे दोन्ही घरांनी एकत्र बसून घ्यायचे, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. सकाळपासून आम्ही उरण नाक्याजवळच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसलो होतो. आई, बाबा, आत्या, मी, आणि उलव्याहून आलेले दोघं, म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो आणि त्याची आई. गादीवरच्या चादरीवर आमच्या आधीच्या लोकांच्या पायांचे राखाडी ठसे होते. मानपानाच्या साड्यांचे ढीग समोर पडत होते आणि आत्या एकेक साडी ओढून बाजूला फेकत होती.

"ही कोनाला?" आई विचारायची.

"कोनाला बी. द्यायचीच हाय, नेसायची थोडीच हाय."

मधे बटाटेवडे आले. त्याच हातांनी पुन्हा साड्या उलटल्या गेल्या. एका आकाशी साडीवर तेलाचा अंगठा उमटलेला मी पाहिला. त्याच्या आईनेही पाहिला. तिने ती साडी डाग आत जाईल अशी घडी घालून 'घ्यायच्या' ढिगात सरकवली, माझ्याकडे बघून हसली, आणि मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते. तिच्या नव्हे, माझ्या.

कपडे झाल्यावर राहिलं होतं रुखवत. मांडवात नवरीकडचे लोक एक टेबल मांडून त्यावर भांडी, फराळ, हातची कलाकुसर ठेवतात. आता कलाकुसर करायला कोणाला वेळ नाही, रुखवत भाड्याने मिळतं. थर्माकोलची विहीर, मोत्यांची तुळस, सुपारीचे नवरा-नवरी. लग्न झालं की रुखवतवाली बाई ते गोळा करून पुढच्या लग्नाला नेते. त्याच मोत्यांच्या तुळशीला मी तीन लग्नांत हात जोडलेत. पण महिन्याभरापूर्वी आपटा गावातल्या एका लग्नात कोणीतरी रुखवतात टॅबलेट ठेवला होता. सोनेरी स्टँडवर उभा, त्यात साखरपुड्याचे फोटो आपोआप सरकत होते. बायका रांग लावून बघत होत्या. आत्या जेवणाच्या पंगतीतून दोनदा उठून बघून आली होती. त्यामुळे आमच्या रुखवतात काय येणार हे त्याच दिवशी ठरलं होतं. फक्त मला कळलं नव्हतं.

मी वेगळंच काही धरून बसले होते. तेव्हा मी न्हावा शेवाच्या बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका एजंटच्या पनवेलमधल्या ऑफिसात काम करायचे. कोणत्या कंटेनरमध्ये काय आहे, वजन किती, कुठून आलं, कोणाला जायचं, हे सगळं कम्प्युटरमध्ये भरायचं आणि कागद तयार करायचे. ऐकायला रटाळ आहे. मला ते आवडायचं. कंटेनरचा नंबर चार अक्षरं आणि सात आकड्यांचा असतो. त्यातला एक आकडा चुकला की माल यार्डात अडकतो आणि कुठलातरी ड्रायव्हर ट्रकमध्येच जेवतो, झोपतो, आम्हाला शिव्या देतो. माझे आकडे चुकायचे नाहीत. ऑफिसात मी दिवसभर पाच वाक्यंही बोलायचे नाही, पण दुपारनंतर जरा अवघड कागद आला की सर तो न विचारता माझ्या टेबलावर आणून ठेवायचे.

लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "उलव्याहून रोज येणं नाही जमलं तर घरून कर. मेलवर कागद पाठवू. पण मशीन तुझं पाहिजे, आणि आपलं सॉफ्टवेअर चाललं पाहिजे त्याच्यावर."

म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कम्प्युटरवर दोन आठवडे नेटबुक आणि टॅबलेटबद्दल वाचत होते. टॅबलेट मला आवडला नव्हता असं नाही. हलका, झळझळीत, झोपून पुस्तक वाचता येईल असा. नेटबुक त्यापुढे कुरूप होतं. चालू व्हायला वेळ लावायचं, पडदा बारका, बटणं इतकी जवळ की मोठ्या हाताच्या माणसाने वापरूच नये. पण आमचं सॉफ्टवेअर नेटबुकवर चालत होतं आणि टॅबलेटवर चालत नव्हतं. नेटबुकला पेनड्राइव्ह लागायचा, नेटचं डोंगल लागायचं, प्रिंटर लागायचा. माझे हात लहान आहेत. माझ्यापुरता प्रश्न संपला होता.

मी माझ्या पगारातून ते घेणार होते. तसं घरी बोललेही. बाबा म्हणाले, "तू कशाला घेतेस? लग्नात तसंही काहीतरी द्यायचंच आहे. तेच देऊ." मला आनंद झाला. बाबांनी माझ्या कामाची कदर केली असं वाटलं. 'लग्नात देऊ' म्हटल्यावर ती वस्तू माझी राहत नाही, मांडवातल्या टेबलाची होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही. तेवीस वर्षांची होते मी. इतकी लग्नं पाहिली होती. लक्षात यायला हवं होतं.

"मॅडम, नेटबुक आता कोणी घेत नाही," सेल्समन माझ्या मागे येऊन म्हणाला. त्याच्या तोंडाला गोड सुपारीचा वास होता. "पुढे या. नवीन पीस दाखवतो. कालच आलाय."

टॅबलेट दर्शनी टेबलावर होता, जाड तारेने टेबलाला बांधलेला. आमची सगळी मंडळी त्याभोवती जमली होती. काचेवर बोटांचे इतके ठसे होते की पडदा विझला की तो तेलकट ताटासारखा दिसायचा. शनिवार होता, सकाळपासून अर्ध्या पनवेलने त्यावर हात फिरवला असणार. सेल्समनने तो स्वतःच्या बाहीने पुसला. तेल पसरलं.

"बोट लावलं की झालं," तो म्हणाला. "लावा मावशी, घाबरू नका."

आत्याने तर्जनी जिभेला लावली, वहीचं पान उलटताना लावतात तशी, आणि ते ओलं बोट काचेवरून फिरवलं. फोटो सरकला. डोंगर गेला, फुलं आली. काचेवर थुंकीचा चकचकीत पट्टा राहिला.

"आई गं, सरकला!" आत्या म्हणाली. "वहिनी, तू कर."

आईने पदराला हात पुसून, बोट न भिजवता, घाबरत घाबरत त्याच पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग माझ्या होणाऱ्या सासूनेही बोट जिभेला लावून फिरवलं. मी खिडकीकडे बघू लागले. रस्त्यावर कंटेनरचा ट्रक वळत होता. मी त्याचा नंबर वाचला. चार अक्षरं, सात आकडे.

"तू बघ की," बाबा मला म्हणाले.

मी पुढे झाले. "यावर टाइप कसं करायचं?" मी सेल्समनला हळू विचारलं.

त्याने उत्तर बाबांना दिलं. "काचेवरच कीबोर्ड येतो साहेब. एकदम सोपं."

मी रुमालाने काचेचा एक कोपरा पुसून मघाशी वाचलेला नंबर टाइप केला. अक्षरं झाली की आकड्यांसाठी दुसरा कीबोर्ड बोलवावा लागत होता. बोटांना बटणाचा उंबरठा लागत नव्हता, काच सगळीकडे सारखीच. पहिल्या प्रयत्नात दोन आकडे चुकले, दुसऱ्यात एक. नेटबुकवर मी तो नंबर न बघता टाइप केला असता.

"आमचं ऑफिसचं सॉफ्टवेअर यावर चालत नाही," मी बाबांना म्हटलं. "मला ते नेटबुकच बरं पडेल."

मी हे बोलले, पण माझं बोलणं कसं असतं ते मला माहीत आहे. वाक्याचा शेवट माझ्याच घशात राहतो. शिवाय आमच्या घरात सगळे आगरी बोलतात आणि मी बोलत नाही. मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं तेव्हा बाबांनी घरात सांगून ठेवलं होतं, हिच्याशी नीट मराठी बोला, नाहीतर शाळेत हसतील. त्यामुळे स्वतःच्याच घरात माझ्याशी सगळे पाहुण्यासारखे बोलायचे आणि मी पाहुणीसारखी उत्तरं द्यायचे. आत्या तर मला मॅडमच म्हणायची. मला त्यांचं सगळं समजायचं. त्यांचे टोमणे, त्यांची भांडणं, एकमेकींना घातलेल्या शिव्या. पण ती भाषा माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नव्हती, आणि या माणसांशी भांडायला दुसरी कुठली भाषा उपयोगाची नव्हती.

"काय म्हनते मॅडम?" आत्याने विचारलं.

"तिला ते मागचं काळं पाहिजे," बाबा म्हणाले. "कामासाठी."

"त्यो? त्यो तं ऑफिससारखा दिसतो. लगनात कोन ऑफिस मांडतो काय?"

सगळे हसले. सेल्समनही हसला. बाबाही, थोडं उशिरा. मग ते म्हणाले, "दोन्ही घेऊ या का?"

"दोन कशाला?" आत्या म्हणाली. "दोन मांडलं का लोक इचारतील, जावयाचा कंचा नि पोरीचा कंचा. उगाच तोंडाला तोंड."

त्याची आई आतापर्यंत शांतपणे फोटो सरकवत होती. तिने मान वर केली. वाईट बाई नव्हती ती. साखरपुड्याला तिने माझ्या हातात बांगड्या भरल्या होत्या, सावकाश, एकही न फोडता. तिने शांतपणेच सांगितलं, मला नाही, आईला.

"आमचे घरात सकाली उठून सून कम्प्युटर उघरून बसली, तं लोक काय बोलतील? पोराचा पगार पुरत नाय काय? पोर बंदरावर सुपरवायझर हाय आमचा. यो बरा, काचेचा. टेकवून ठेवला का भजना बगाची, फोटो बगाचं. घरात शोभंल बी."

"तेच तं," आत्या म्हणाली.

आईने मान डोलावली. आत्यापुढे डोलावते तशीच.

मी त्याच्याकडे पाहिलं. लग्न ठरल्यावर आम्ही एकदाच एकटे भेटलो होतो, वडाळे तळ्याच्या काठावर. मी कामाबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "कर की. मला चालेल." 'चालेल' हा शब्द मला तेव्हाच टोचला होता, पण मी घरी येऊन स्वतःची समजूत काढली, माणूस साधा आहे, साधे शब्द वापरतो. आता तो टेबलावरचा दुसरा टॅबलेट हातात धरून त्यात गाडीची शर्यत खेळत होता. गाडी वळली की तो कमरेतून वळायचा. तार ताणली जायची, टेबल हलायचं. त्याची जीभ एका बाजूने बाहेर आली होती.

"काय रे?" त्याच्या आईने विचारलं.

"तू म्हनशील तसं, आई." त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. मग गाडी कशाला तरी धडकली असावी, कारण तो माझ्याकडे वळला आणि माझ्यासाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाला, "याच्यात पण मेल येतात ना? मग झालं तर."

आणि त्याने पुन्हा खेळ सुरू केला.

मी रुमालाची घडी घातली. मनात आलं, जाऊ दे. नंतर घेईन मी नेटबुक, माझ्या पगारातून, गुपचूप. पण ते ज्या घरात उघडायचं होतं त्या घराने आत्ताच, सगळ्यांसमोर, उत्तर दिलं होतं. आता टॅबलेट निमूटपणे घेतला तर तो माझा होकार ठरणार होता. मांडवातल्या टेबलावर, सोनेरी स्टँडवर, चारशे माणसांना दिसेल असा उभा केलेला होकार.

"पॅक करा," बाबा म्हणाले.

सेल्समनने आतून नवा खोका आणला. खोका खरंच मोठा होता, आतल्या वस्तूच्या तिप्पट. आत्याने तो हातात तोलून पाहिला आणि समाधानाने 'हां' म्हणाली. सेल्समनने झाकण उघडून दाखवलं. आतली काच स्वच्छ होती, काळी, कोणाचाही स्पर्श न झालेली. क्षणभर मलाही तो सुंदर वाटला.

आत्याने बटव्यातून हळदीकुंकवाची पुडी काढली. साड्यांना लावून उरलेली. अंगठी घातलेलं बोट पुडीत बुडवून तिने टॅबलेटच्या एका कडेला कुंकू दाबलं. ओलसर बोटाला चिकटलेलं कुंकू खालच्या फटीत गेलं.

"अहो मावशी, तिथे नको! तिथून चार्ज होतो तो!"

"मंग देवाचा आशीर्वाद बी चार्ज होईल," आत्या म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले. सेल्समन टाचणीने कुंकू उकरू लागला. लाल पूड पांढऱ्या खोक्यात सांडत होती. दुकानाचे मालक काउंटरवरून ओरडले, "वॉरंटी कार्डवर नाव काय टाकू?"

बाबांनी होणाऱ्या जावयाचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही, म्हणजे ते आधीच ठरलेलं होतं. त्याने आपलं नाव ऐकून मान वर केली, लाजल्यासारखा हसला आणि म्हणाला, "कशाला बाबा, माझ्या नावाने..." मालकांनी लिहून घेतलं.

मी मागच्या टेबलाकडे वळून पाहिलं. नेटबुक तसंच उघडं होतं. मी मघाशी त्यावर काहीतरी टाइप करून ठेवलं होतं. माझंच नाव. ते अजून पडद्यावर असेल, एवढ्या लांबून दिसत नव्हतं.

तेवढ्यात सेल्समन माझ्यासमोर आला. त्याच्या दोन्ही हातांत दोन कव्हरं होती. सकाळपासून, साड्या धरून, हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर कोणालातरी माझ्याकडून हवं होतं.

"मॅडम, कव्हर कंपनीकडून फ्री आहे. कुठला कलर देऊ? गुलाबी की जांभळा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आई डोळ्यांनी मला सांगत होती, गुलाबी घे. आत्या म्हणाली, "सांग की गो मॅडम. तेवरा तं बोल." त्याने खेळ थांबवला होता. त्याची आई माझ्याकडे मायेने बघत होती, लहान पोरीला फुगा निवडायला सांगताना बघतात तसं.

मी तोंड उघडलं तेव्हा मला वाटलं, नेहमीप्रमाणे इंग्लिश येईल, किंवा ते पाहुणीचं मराठी. जे आलं ते मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. बाहेर ट्रकवाल्यांपर्यंत गेलं असावं, कारण दारातलं गिऱ्हाईक थांबून आत बघू लागलं.

"मना यो नको. मना त्यो मागचा काला पायजे, आनि माझे नावावर. लगीन झाल्यावं बी मना काम कराचा हाय, आनि ते ज्याला चालनार नाय, त्याने आताच सांगावं."